एका फार्दिंगचा निकाल : जॉर्ज कॅडबरी आणि साओ टोमेचा कोको

१९०१ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळ, बोर्नव्हिल इथल्या कॅडबरी या कोको-चॉकलेट कंपनीच्या कचेरीत साओ टोमे बेटावरच्या एका विकाऊ मळ्याची यादी येऊन पडली. साओ टोमे हे आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, विषुववृत्ताला जवळपास चिकटलेलं पोर्तुगीज बेट. यादीत मळ्याच्या बाकी जिंदगीबरोबर एक कलम होतं : काळे मजूर, दोनशे, किंमत ३,५५५ पौंड. माणशी पावणेअठरा पौंड पडतात. पोर्तुगालने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपवून तेव्हा पाव शतक उलटलं होतं.

ज्या कंपनीच्या हाती हा कागद पडला, ती आपल्या एकूण कोकोपैकी ४५ टक्क्यांच्या आसपास कोको त्याच बेटांवरून घेत होती. तिचे अध्यक्ष जॉर्ज कॅडबरी. कामगारांच्या वस्तीत प्रत्येक घराला बाग असावी म्हणून हट्ट धरणारे, रविवारी सकाळी सात वाजता अक्षरओळख नसलेल्या मजुरांना शिकवायला जाणारे, दारू आणि जुगाराचे कट्टर वैरी आणि जन्माने क्वेकर. गुलामगिरीविरुद्ध ब्रिटनमध्ये सर्वांत आधी संघटितपणे उभं राहिलेला ख्रिस्ती पंथ तो हाच.

साओ टोमेचा कोको घेणं कंपनीने बंद केलं मार्च १९०९ मध्ये. म्हणजे कागद हाती आल्यावर आठ वर्षांनी. एखाद्या लबाड माणसाने आठ वर्षं चालढकल केली असती, तर त्यात अभ्यासण्यासारखं काही नव्हतं. जॉर्ज कॅडबरी लबाड नव्हते, असं सगळी कागदपत्रं लक्षात घेऊनही माझं मत आहे. मग एवढा वेळ गेला कुठे, हा या प्रकरणाचा प्रश्न.

बुल स्ट्रीट ते बोर्नव्हिल

जॉर्ज यांचा जन्म १९ सप्टेंबर १८३९ चा, बर्मिंगहॅममधला. वडील जॉन यांनी १८२४ मध्ये बुल स्ट्रीटवर चहा-कॉफीचं दुकान टाकलं आणि १८३१ पासून कोको आणि पिण्याचं चॉकलेट बनवायला घेतलं. त्या पिढीच्या क्वेकरांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं बंद होती आणि लष्कर धर्मानेच वर्ज्य, त्यामुळे घरातला हुशार मुलगा बहुधा धंद्यात पडायचा. दारूऐवजी लोकांनी कोको प्यावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. तिच्यातून पैसाही मिळत होता. यॉर्कचे राउनट्री आणि ब्रिस्टलचे फ्राय हेही क्वेकरच. इंग्लंडचा कोको बव्हंशी एका छोट्या पंथाच्या हातात होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

१८५५ मध्ये आई वारली, वडिलांचं धंद्यातलं लक्ष उडालं. १८६१ मध्ये पंचवीस वर्षांचे रिचर्ड आणि एकवीस वर्षांचे जॉर्ज यांनी डबघाईला आलेला कारखाना हाती घेतला. आईकडून दोघांना चार-चार हजार पौंड मिळाले होते, त्यातले बरेचसे पहिल्या काही वर्षांत गेले. जॉर्ज यांनी चहा सोडला, कॉफी सोडली, सकाळचं वर्तमानपत्रसुद्धा बंद केलं. मग त्यांना हॉलंडमध्ये व्हॅन हाउटेन यांच्या यंत्राचा सुगावा लागला. ते यंत्र कोकोतला तेलकट अंश दाबून काढी. तोवर इंग्लंडमधले सगळेच कारखानदार तो तेलकटपणा झाकायला कोकोत बटाट्याचं पीठ, साबुदाणा, काकवी असलं काहीबाही मिसळत. कॅडबरीही त्याला अपवाद नव्हते. डच भाषेचा गंध नसताना जॉर्ज हॉलंडला गेले आणि यंत्र घेऊन आले. १८६६ मध्ये त्यांचं ‘कोको इसेन्स’ बाजारात आलं, ‘संपूर्ण शुद्ध, म्हणून सर्वोत्तम’ अशा जाहिरातीसह. कंपनी उभी राहिली ती शुद्धतेच्या या दाव्यावर.

१८७९ मध्ये कारखाना शहरातून उठून चार मैलांवरच्या मोकळ्या शिवारात गेला. तिथल्या बोर्न नावाच्या ओढ्यावरून गावाचं नाव बोर्नव्हिल पडलं. १८९३ मध्ये जॉर्ज यांनी आजूबाजूची जमीन स्वतःच्या पैशाने घेतली आणि १८९५ पासून घरं बांधायला सुरुवात केली. घरं फक्त कारखान्यातल्या माणसांसाठी नव्हती. प्रत्येक घरामागे फळझाडं लावलेली. १९०० मध्ये ३३० एकर जमीन आणि तिच्यावरची ३१३ घरं त्यांनी एका विश्वस्त निधीच्या नावे करून टाकली. भाडं घराण्याच्या खिशात न येता पुढच्या घरांच्या बांधकामात जावं, अशी तजवीज केली. मुलाबाळांचा हक्क सोडून केलेलं हे दान होतं, नुसती नावाची पाटी लावण्यापुरतं नव्हतं. स्वतःचं जुनं राहतं घर वुडब्रुक त्यांनी १९०३ मध्ये क्वेकरांच्या अभ्यासकेंद्राला दिलं. गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१ मध्ये, गांधीजी तिथे जाऊन आले होते.

या सगळ्याला एक दुसरी बाजूही होती. बोर्नव्हिलमध्ये दारूचा गुत्ता चालणार नाही, हे मालकांनी ठरवलेलं. कारखान्यात सकाळी प्रार्थना. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली एकीकडे, पुरुष दुसरीकडे. लग्न ठरलं की मुलीने नोकरी सोडायची, निरोपाला बायबलची प्रत आणि एक कार्नेशनचं फूल मिळे. मालकाला सगळ्यांचं भलं कळतं आणि तो ते सावकाश, पद्धतशीरपणे घडवून आणतो, ही त्या जगाची धारणा. साओ टोमेचं प्रकरण हाताळताना नेमकी हीच धारणा कामाला लागली.

१८९९ मध्ये रिचर्ड जेरुसलेमला घटसर्पाने वारले, कंपनी मर्यादित झाली आणि जॉर्ज अध्यक्ष झाले. १९०१ मध्ये लिबरल पक्षाचे पुढारी लॉइड जॉर्ज यांच्या आग्रहावरून ‘डेली न्यूज’ हे उदारमतवादी दैनिक विकत घेण्यात त्यांनी पैसा घातला, पुढे ते सबंध त्यांच्याकडेच आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाला विरोध, वृद्धांना पेन्शन, घरोघर शिवणकाम करून पिळून निघणाऱ्या बायकांचे हाल असले विषय त्या दैनिकाने लावून धरले. घोड्यांच्या शर्यतींच्या बातम्या मात्र जॉर्ज यांनी बंद करायला लावल्या आणि त्यापायी खप घटला तरी सोसलं. (त्यांचं पहिलं मोठं चरित्र पुढे याच दैनिकाच्या संपादकाने लिहिलं, हे चरित्र वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.)

पाच वर्षांचा करार, परतीचं जहाज नाही

साओ टोमे आणि शेजारचं प्रिन्सिपे या बेटांवर कोकोचे मोठे मळे होते, त्यांना ‘रोसा’ म्हणत. मजूर यायचे समोरच्या आफ्रिकेतून, मुख्यतः अंगोलातून. कागदोपत्री ते ‘सर्विसाइश’, म्हणजे करारावरचे नोकर. अंगोलाच्या आतल्या मुलखात दलाल माणसं विकत घेत. कुणी कर्जापायी विकलेलं, कुणी लढाईत धरलेलं, कुणी नुसतंच पळवलेलं. शेकडो मैल पायपीट करवून त्यांना किनाऱ्यावर आणलं जाई. तिथे सरकारी अधिकाऱ्यासमोर उभं करून, स्वखुशीने जाता आहात ना, असं विचारलं जाई. उत्तर काय आलं याला महत्त्व नव्हतं. करार पाच वर्षांचा. गळ्यात नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला आणि कराराची नक्कल घातलेली पत्र्याची नळी अडकवून माणूस जहाजावर चढे.

पाच वर्षांनी करार आपोआप नव्याने होई. मळ्यात जन्मलेलं मूल मळ्याचंच. अंगोलातून नेलेल्या माणसांपैकी १९०८ पर्यंत परत आलेलं जवळजवळ कुणी नव्हतं. प्रिन्सिपेवर त्यात निद्रारोगाची साथ.

आपल्याकडच्या वाचकाला हे वाचताना गिरमिट आठवेल. पाच वर्षांचा करार, अंगठा, आगबोट, मॉरिशस किंवा नाताळ. फरकही होता, कारण गिरमिट संपवून परतणारे लोक हजारोंनी होते. पण कागदावरची संमती आणि प्रत्यक्षातली संमती यांच्यातलं अंतर दोन्हीकडे तेच. गोपाळ कृष्ण गोखले यांनी नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबवावी असा ठराव कायदेमंडळात मांडला तो फेब्रुवारी १९१० मध्ये, बर्मिंगहॅमचा खटला संपल्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी.

आठ वर्षं

१९०१ च्या वसंतात रिचर्ड यांचे चिरंजीव विल्यम कॅडबरी त्रिनिदादच्या दौऱ्यावर होते. साओ टोमेत गुलाम राबवतात, हे त्यांच्या कानावर तिथेच आलं. पाठोपाठ ती विक्रीची यादी आली. संचालक मंडळाने विल्यम यांना चौकशी करायला सांगितलं. इथपर्यंत सगळं जिथल्या तिथे आणि वेळेवर.

विल्यम यांनी मिशनरी आणि गुलामगिरीविरोधी संस्थांकडे विचारपूस केली. १९०३ मध्ये ते लिस्बनला गेले. तिथले मंत्री भेटले, मळेवाले भेटले, ब्रिटिश राजदूत सर मार्टिन गॉसलिन भेटले. पोर्तुगालने त्याच वर्षी मजुरांसाठी नवा हुकूम काढला होता. पगाराचा काही हिस्सा परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवायचा, वगैरे. राजदूतांचं म्हणणं पडलं : या हुकमाला वर्षभर संधी द्या. मळेवाले म्हणाले, आमचं काही लपलेलं नाही, माणूस पाठवा आणि बघा.

माझ्या मते हे सगळं प्रकरण इथेच वळलं. ‘वर्षभर थांबा’ हा सल्ला वाईट नव्हता. पण वर्ष सरल्यावर काय, हे कुणी ठरवून ठेवलं नाही. १९०४ आलं तेव्हा हुकमाने काही बदललं का, याचं उत्तर कुणी मागितलं नाही. त्याऐवजी बेटांवर पाठवायच्या माणसाचा शोध सुरू झाला.

तो माणूस म्हणजे जोसेफ बर्ट. क्वेकर, मनाने हळवा, काही काळ टॉलस्टॉयच्या विचारांवर चालणाऱ्या एका वसाहतीत राहून आलेला. त्याला पोर्तुगीज येत नव्हतं, म्हणून आधी पोर्टोत राहून भाषा शिकायची ठरलं. भाषा न शिकता मळेवाल्यांचं ऐकून येण्यापेक्षा हे केव्हाही बरं. जून १९०५ मध्ये बर्ट साओ टोमेला पोचला.

त्याच महिन्यात हेन्री नेव्हिन्सन नावाचा एक पत्रकारही त्याच बेटावर उतरला. अमेरिकेतल्या ‘हार्पर्स’ मासिकाने त्याला पाठवलं होतं. त्याने आधी अंगोलात जाऊन गुलामांच्या वाटेवरून उलटी चाल केली होती. वाटेच्या कडेला झाडांवर टांगलेले लाकडी खोडे त्याने पाहिले; पळून जायची भीती संपली की खोडे काढून परतीच्या खेपेसाठी तिथेच ठेवले जात. वाटेत मागे पडलेल्यांची हाडंही पाहिली. त्याचे लेख ऑगस्ट १९०५ पासून छापून येऊ लागले, पुढच्या वर्षी पुस्तक झालं. बेटावर बर्टशी त्याची गाठ पडली तेव्हा हा गृहस्थ फारच भोळा आहे, असं त्याचं मत झालं.

बर्ट भोळा होता, पण डोळे झाकून बसणारा नव्हता. तो बेटांवर राहिला, अंगोलात आत गेला, मोझांबिकलाही गेला आणि १९०७ मध्ये परतला. अहवालात त्याने जे लिहिलं ते नेव्हिन्सनपेक्षा मवाळ भाषेत असलं तरी मुद्दा तोच : माणसं मनाविरुद्ध आणली जातात, बरेचदा क्रूरपणे, आणि परत जात नाहीत. म्हणजे १९०१ साली त्या एका कलमात जे दिसलं होतं, ते १९०७ मध्ये साक्षीपुराव्यासह सिद्ध झालं.

तरीही दोन वर्षं बाकी होती. अहवाल आधी ब्रिटिश परराष्ट्र खात्याकडे गेला. तिथे घाई कुणालाच नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींना मोझांबिकचे मजूर हवे होते, मोझांबिक पोर्तुगालचं, तेव्हा लिस्बनला दुखवून चालणार नव्हतं. परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांच्या खात्याने कारखानदारांना पुन्हा दमानेच घ्यायला सांगितलं. १९०७ च्या अखेरीस विल्यम यांनी लिस्बनमध्ये मळेवाल्यांपुढे अहवाल ठेवला, सुधारणांची वचनं मिळाली. १ फेब्रुवारी १९०८ रोजी लिस्बनच्या रस्त्यात राजा कार्लोस आणि युवराज यांचा खून झाला. गोव्यापासून मकावपर्यंतच्या त्या साम्राज्याला आपलंच घर सावरेना. साओ टोमेच्या मजुरांकडे कोण बघणार?

शेवटी विल्यम स्वतः बर्टला घेऊन आफ्रिकेला निघाले. निघता निघता, २६ सप्टेंबर १९०८ रोजी, लंडनच्या ‘स्टँडर्ड’ने एक अग्रलेख छापला. टोमणा साधा आणि जिव्हारी लागणारा होता : बोर्नव्हिलच्या पांढऱ्या हातांना हजारो मैलांवरचे काळे हात मदत करताहेत, आणि हे चौकशी करायला आता निघाले! कॅडबरींनी मानहानीचा दावा ठोकला. विल्यम बेटं पाहून परतले, कुठलाही ठोस बदल त्यांना दिसला नाही, आणि मार्च १९०९ मध्ये कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री यांनी एकत्रपणे साओ टोमेचा कोको बंद केला. जर्मनीची स्टोलवेर्क कंपनीही त्यांच्यात आली.

कार्सन विचारतात

खटला २९ नोव्हेंबर १९०९ रोजी बर्मिंगहॅममध्ये उभा राहिला, न्यायमूर्ती पिकफर्ड आणि ज्युरी यांच्यापुढे. वकिलांची नावं मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाहीत. कॅडबरींच्या बाजूने रुफस आयझॅक्स, म्हणजे पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झालेले लॉर्ड रीडिंग. त्यांच्या जोडीला जॉन सायमन, ज्यांच्या कमिशनला १९२८ मध्ये मुंबईने काळे झेंडे दाखवले. समोर ‘स्टँडर्ड’साठी एडवर्ड कार्सन, ऑस्कर वाइल्डला उलटतपासणीत उघडं पाडणारे. दहा वर्षांनी, १९१९ मध्ये, लोकमान्य टिळकांनी व्हॅलेंटाइन चिरोलवर लंडनमध्ये मानहानीचा खटला भरला तेव्हा टिळकांच्या बाजूला हेच सायमन आणि चिरोलच्या बाजूला हेच कार्सन होते. टिळक तो खटला हरले. मानहानीच्या दाव्यात फिर्यादीचंच आयुष्य कोर्टात उलगडलं जातं, हे कार्सन यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

खटल्यामागे राजकारण होतंच. ‘स्टँडर्ड’ कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या बाजूचं. १९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाने आणि ‘डेली न्यूज’ने दक्षिण आफ्रिकेतल्या करारबद्ध चिनी मजुरांचा प्रश्न ‘गुलामगिरी’ म्हणून पेटवला होता आणि कॉन्झर्व्हेटिव्ह साफ आपटले होते. चिन्यांसाठी एवढी शाई आणि अंगोलाच्या माणसांसाठी किती, हा त्यांचा सवाल हिशेब चुकता करण्यासाठी होता. म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

आयझॅक्स यांची मांडणी नेमकी होती. साओ टोमेत गुलामगिरी आहे हे फिर्यादीला मान्य. प्रश्न एवढाच की कॅडबरी प्रामाणिकपणे प्रयत्न करत होते की वेळ काढत होते. पत्रव्यवहार, भेटी, बर्टचा खर्च, परराष्ट्र खात्याची विनंती, सगळं कोर्टापुढे आलं. सत्तरीचे जॉर्ज स्वतः साक्षीला उभे राहिले.

कार्सन यांनी प्रामाणिकपणावर फारसा हल्ला चढवलाच नाही. त्यांनी विल्यम यांना तारखा विचारल्या. कधी कळलं? १९०१. खरेदी चालू होती? होती. पुढच्या वर्षी? होती. ग्राहकांना सांगितलं? नाही. विल्यम खोटं बोलणारे नव्हते, म्हणून प्रत्येक उत्तर सरळ आलं आणि प्रत्येक सरळ उत्तराने बाजू लंगडी होत गेली. उलटतपासणीच्या शेवटी कार्सन यांनी विचारलं : १९०१ ते १९०८ या काळात तुमचा कोको तयार करताना किती गुलामांचे जीव गेले, याचा काही अंदाज तुम्ही केला आहे का? विल्यम म्हणाले, नाही, नाही, नाही.

६ डिसेंबरला ज्युरीने निकाल दिला. मानहानी झाली, कॅडबरी जिंकले. नुकसानभरपाई : एक फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा, पौंडाचा ९६० वा. त्या वेळच्या विनिमयाच्या दराने आपल्याकडचा बरोबर एक पैसा.

तीन सबबी, तीन वजनं

कॅडबरींच्या बाजूने तीन कारणं सांगितली गेली. ती एकाच मापाची नाहीत.

पहिलं, पुरावा हवा होता. हे कारण अर्धं टिकतं. ऐकीव माहितीवर एखाद्या देशावर गुलामगिरीचा जाहीर आरोप करणं बेजबाबदारपणाचं झालं असतं. पोर्तुगीज आधीच म्हणत होते की ब्रिटिश कारखानदारांचा यात काही डाव आहे. पण जाहीर आरोप करणं आणि गुपचूप दुसरीकडून माल घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी कोर्टात टिकेल असा पुरावा लागत नाही. ती दोनशे माणसांची यादी पुरेशी होती. नेव्हिन्सनला गुलामगिरी ओळखायला जे महिने लागले, त्यापेक्षा जास्त वेळ बर्टच्या तयारीतच गेला.

दुसरं कारण जास्त वजनदार : आपण गिऱ्हाईक आहोत तोवर आपलं ऐकतील; खरेदी सोडली की शब्दाला किंमत नाही, आणि कोको दुसरं कुणीतरी घेईलच. नंतर घडलं ते पाहता यात तथ्य होतं. १९०९ नंतर साओ टोमेचा कोको इतर गिऱ्हाइकांनी घेतला. अमेरिकन कारखानदारांना वळवायला बर्ट तिकडे जाऊन आला, फारसं कुणी बधलं नाही. पण गिऱ्हाइकाचा वचक हा ‘अमुक तारखेपर्यंत झालं नाही तर’ या वाक्यात असतो, आणि ते वाक्य लिस्बनमध्ये १९०३ ला उच्चारलं गेलं नाही. मळेवाल्यांना एवढंच कळलं की हे सज्जन लोक दर वर्षा-दोन वर्षांनी काळजी व्यक्त करायला येतात आणि माल उचलत राहतात.

तिसरं कारण सरकारचं. परराष्ट्र खात्याने थांबायला सांगितलं हे खरं, आणि खात्याचे हेतू कॅडबरींच्या हेतूंइतके स्वच्छ नव्हते हेही खरं. पण हा सल्ला मानण्याची सक्ती कुणावर नव्हती. बोअर युद्धाच्या वेळी हेच जॉर्ज दैनिक विकत घेऊन सरकारविरुद्ध उभे राहिले होते, लोकांनी देशद्रोही म्हटलं तरी हटले नव्हते. साओ टोमेच्या बाबतीत मात्र सरकारचा शब्द त्यांना एवढा मोलाचा का वाटला? मला वाटतं, इथे सल्ला आणि सोय एकाच बाजूला होती. युद्धाला विरोध करताना त्यांना तोटा होत होता, म्हणून स्वतःच्या हेतूबद्दल शंका घ्यायची वेळच आली नाही. थांबण्यात मात्र फायदा होता, आणि फायद्याच्या बाजूचा निर्णय घेताना लागते ती जास्तीची सावधगिरी बोर्नव्हिलच्या कुठल्याच बैठकीत दिसत नाही. त्यात निर्णय घेणारी घराणी तीन, तिन्ही क्वेकर, एकमेकांच्या ओळखीची. ‘अरे, फार वेळ झाला’ असं म्हणणारा बाहेरचा माणूस त्या खोलीत नव्हता. नेव्हिन्सन बाहेरचा होता, आणि त्याला उतावळा समजलं गेलं.

कॅडबरींच्या बाजूने एक गोष्ट मात्र निःसंशय सांगितली पाहिजे. काँगोतल्या रबराच्या अत्याचारांविरुद्ध लढणाऱ्या ई. डी. मोरेल यांना विल्यम यांनी स्वतःच्या खिशातून भरघोस मदत केली होती, आणि साओ टोमेच्या चौकशीवर पैसा, वेळ आणि तब्येत खर्ची घालणारे चॉकलेटवाले जगात हेच तीन-चार होते. बाकीच्यांनी यादी पाहिलीच नाही किंवा पाहून बाजूला सारली. त्यांच्यावर कुणी अग्रलेख लिहिला नाही. फार्दिंगची नामुष्की ज्यांनी काही केलं त्यांच्याच वाट्याला आली, हा अन्याय आहे, आणि ज्युरीचा निकाल तरीही बरोबर आहे. शुद्ध माल म्हणून नाव कमावलेल्या कंपनीला शुद्धतेच्याच मापाने मोजलं गेलं.

पुढे

१९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं. बेटांवरून अंगोलाकडे माणसं परत जाऊ लागली, आधी थोडी, मग पुढच्या काही वर्षांत हजारोंनी. बहिष्काराने हे झालं की नव्या राजवटीने, याचा निवाडा सोपा नाही. बर्ट, नेव्हिन्सन आणि खटल्याचा गाजावाजा नसता तर नव्या राजवटीनेही एवढी घाई केली नसती, असं मानायला जागा आहे. सक्तीची मजुरी मात्र बेटांवरून इतक्यात हटली नाही. फेब्रुवारी १९५३ मध्ये आपल्याला मळ्यांवर जुंपणार या भीतीने उठलेल्या स्थानिक लोकांची बातेपा इथे कत्तल झाली. देश स्वतंत्र झाला १९७५ मध्ये.

जॉर्ज यांनी खटल्यानंतर कामाचा वेग कमी केला नाही. उन्हाळ्यात बर्मिंगहॅमच्या कोंदट गल्ल्यांतली हजारो मुलं त्यांच्या आवारात खेळायला-जेवायला येत राहिली, बोर्नव्हिल वाढत राहिलं, दैनिक तोटा देत राहिलं. २४ ऑक्टोबर १९२२ रोजी ते वारले. त्यांचा विश्वस्त निधी आजही घरं सांभाळतो. कंपनीने हिंदुस्थानात बस्तान बसवलं ते त्यांच्या पश्चात, १९४८ मध्ये, मुंबईतून. ठाण्याचा कारखाना त्यानंतरचा.

कोकोसाठी कंपनी वळली गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे. तिथे टेट्टे क्वार्शी नावाच्या लोहाराने फर्नांडो पो बेटावरून बिया आणून १८७९ च्या सुमारास लावल्या होत्या, आणि छोट्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत झाडं वाढवली होती. १९११ पर्यंत कोको निर्यातीत गोल्ड कोस्ट जगात पहिल्या क्रमांकावर गेलं. मुकादमाशिवाय, गळ्यातल्या बिल्ल्याशिवाय उत्तम कोको पिकतो, हे विल्यम यांनी १९०९ मध्ये तिथे जाऊन पाहिलं आणि हेच हवं होतं म्हणून समाधान मानलं.

१९३७ मध्ये युरोपियन खरेदीदार कंपन्यांनी आपसात करार करून भाव बांधून घेतला. त्यात कॅडबरीही होती. गोल्ड कोस्टच्या शेतकऱ्यांनी त्या हंगामात कोको विकायलाच नकार दिला. पोती घरात पडून राहिली, दुकानांतल्या ब्रिटिश मालावरही त्यांनी बहिष्कार घातला, आणि काही महिन्यांत लंडनहून चौकशी आयोग पाठवावा लागला. आयोगाने भाव बांधण्याच्या त्या कराराविरुद्ध मत दिलं.